बुधवारचा निळा पडदा: नको तेव्हा येणारं विंडोज अपडेट आवरताना

आधी लक्षणं. यातलं काही तुमच्याकडे घडत असेल तर पुढे वाचा.

सकाळी ऑफिस उघडलं, संगणकाचं बटण दाबलं आणि निळ्या पडद्यावर ठिपके गोल फिरतायत: अपडेटचं काम चालू आहे, 30 टक्के, संगणक बंद करू नका. किंवा रात्री अर्धवट ठेवलेलं काम सकाळी गायब, मशीन आपोआप रीस्टार्ट झालेलं. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला आणि दिवसाचा दीड जीबी डेटा चहा संपायच्या आत खलास. दर काही दिवसांनी पडदाभर विचारणा: विंडोज 11 घ्या, अकाउंट जोडा, बॅकअप चालू करा. 'नको' म्हणायला बटणच नाही, फार तर 'नंतर आठवण करा'. डेस्कटॉपवरच्या फाइल अचानक वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात. काल चालणारा प्रिंटर आज मुका. आणि मला सर्वात जास्त सांगितलं जाणारं लक्षण: "ताई, हे मागे एकाने कायमचं बंद करून दिलं होतं, तरी परत सुरू झालं."

गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांच्या संगणकांची कामं मी करते. डीटीपीवाले, सीए, सोसायट्यांची ऑफिसं, दोन दवाखाने. महिन्यातल्या एका ठरावीक बुधवारी माझा फोन जरा जास्तच वाजतो. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सकाळी दहाला, सुरक्षा अपडेट सोडते. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे मुंबईत ते उतरतं बुधवारी. दुसरा मंगळवार 8 ते 14 तारखेच्या दरम्यान कधीही येतो आणि दर महिन्याला जीएसटीआर-1, म्हणजे जीएसटीचं विक्रीचं रिटर्न, भरणाऱ्यांची शेवटची तारीख 11. सीएच्या ऑफिसात या दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या की काय होतं ते सांगायला नको. कॅलेंडरवर तो बुधवार लाल पेनाने गोल करून ठेवा. याला पैसे पडत नाहीत.

मुख्य घोळ असा की लोक तीन वेगळ्या गोष्टींना 'अपडेट' या एकाच नावाने शिव्या घालतात. एक, दर महिन्याचं सुरक्षा अपडेट, म्हणजे फुटलेल्या कौलांची डागडुजी. दोन, आवृत्तीच बदलणारं अपग्रेड: विंडोज 10 वरून 11, किंवा 11 मध्येच 23एच2 वरून पुढे. तीन, जाहिराती, आग्रह आणि तुमच्या वापराची माहिती गोळा करणं. पहिलं घ्यायचं, पण आपल्या सोयीच्या वेळी. दुसरं आपण ठरवू तेव्हा. तिसरं जेवढं बंद होईल तेवढं बंद. तिन्ही एका फटक्यात बंद करायला गेलात की तेच दोन महिन्यांनी डबल होऊन येतं.

ठाकूरद्वारला एका लग्नपत्रिकांच्या दुकानात मशीनच्या डब्यावर सेलोटेपने चिकटवलेला कागद होता: 'अपडेट करू नये'. कागद पिवळा पडलेला, सेलोटेप तपकिरी. आधीच्या कुणीतरी अपडेटची सर्व्हिस बंद करून तो लावला होता. लग्नसराईत एका बुधवारी सकाळी नऊला काकांचा फोन: "अगं, तीस टक्क्यांवर अडकलंय, बंद करू का?" मी म्हटलं, "काका, बोट काढा आधी बटणावरून." पोचले तेव्हा ते खरंच स्टुलावर बसून एक बोट बटणाजवळ धरून पडद्याकडे बघत होते, दुधाकडे बघतात तसे. चाळीस मिनिटांत काम झालं. पण महिनोन् महिने साचलेलं सगळं एकदम उतरलं होतं, आणि जुन्या मराठी फॉन्टच्या प्रोग्रामचा डोंगल, म्हणजे लायसन्सची यूएसबी चावी, मशीनला ओळखू येईना. डोंगलचा नवा ड्रायव्हर टाकेपर्यंत दुपार झाली. पत्रिकेचा प्रूफ घ्यायला आलेलं कुटुंब तोवर दोनदा जाऊन आलं.

आत्ता पडदा निळा असेल तर

काहीही करू नका, हीच पहिली तपासणी. टक्के पुढे सरकत असतील, किंवा डब्यावरचा डिस्कचा दिवा लुकलुकत असेल, तर थांबा. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर दोन तासही लागतात. मधेच वीज तोडली तर फाइली अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या अशा राहतात आणि मग मशीन 'ऑटोमॅटिक रिपेअर'च्या चक्रात फिरत बसतं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. तीन तास टक्का हललेला नाही आणि दिवाही मेलाय, तेव्हाच बटण दहा सेकंद दाबून बंद करा आणि एकदा, फक्त एकदाच, पुन्हा चालू करून बघा.

नेमकं काय आलं ते बघा

दोन मिनिटांचं काम. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, इंग्रजीत 'विनव्हर' टाइप करून एंटर. कोणती विंडोज, कोणती आवृत्ती, ते छोट्या खिडकीत येतं. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, तिथे अपडेट हिस्टरी. या यादीत गट पाडलेले असतात: फीचर, क्वालिटी, ड्रायव्हर, इतर. बिघाड सुरू झाला त्या तारखेला यादीत काय आहे ते कागदावर लिहा. निम्म्या वेळा अपडेट निर्दोष निघतं आणि बिघाड भलत्याच कारणाचा असतो. प्रिंटर मुका होता कारण झाडूवालीने वायर काढली होती, हे मी तीनदा पाहिलंय.

वेळ आपल्या हातात घ्या

आपोआप रीस्टार्ट होण्याची तक्रार इथेच बहुतेकांची मिटते. विंडोज अपडेटच्या पानावर 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' असतात, विंडोज 11 मध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्सच्या आत. जास्तीत जास्त 18 तासांची चौकट देता येते. सकाळी 7 ते रात्री 1 लावा. त्या वेळेत मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही. त्याच पानावर 'पॉझ' आहे, पाच आठवड्यांपर्यंत. 11 तारखेची घाई असेल तर 5 तारखेलाच एक आठवडा पॉझ करा आणि रिटर्न भरून झालं की उघडा. पॉझची मुदत पूर्ण संपली की साचलेलं सगळं घेतल्याशिवाय पुन्हा पॉझ मिळत नाही, म्हणून त्याला कायमचं कुलूप समजू नका.

'नवीन अपडेट उपलब्ध होताच मिळवा' अशा अर्थाची एक कळ तिथेच असते, ती बंद ठेवा. ती चालू असली की महिन्याच्या शेवटी येणारी, अजून सगळ्यांना न दिलेली अपडेटही आधी तुमच्याकडे उतरतात. दुसऱ्यांच्या मशीनवर घडायचं ते घडू द्या, आपण पंगतीला शेवटी बसावं. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10च्या 1809 आवृत्तीने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइली पुसल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला ते अपडेट चार दिवसांत थांबवावं लागलं. त्यात सापडले ते उत्साहाने आधी घेणारे.

आणि एक सवय. लॅपटॉपचं झाकण मिटणं म्हणजे बंद करणं नव्हे. महिनाभर नुसतं झाकण मिटत राहिलात तर अपडेट आत येऊन दाराशी बसून राहतं आणि नको त्या दिवशी उठतं. आठवड्यातून एकदा, शनिवारी घरी निघताना, रीस्टार्ट म्हणा.

डेटा वाचवायचा असेल तर

हॉटस्पॉट जोडल्यावर त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत 'मीटर्ड कनेक्शन' चालू करा. मोठी डाउनलोड त्यावर थांबतात, वनड्राइव्हही थांबतं. अगदी निकडीचं थोडंफार तरीही येऊ शकतं. 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' मध्ये जाऊन इतर संगणकांना अपडेट देणं-घेणं बंद करा, नाहीतर तुमच्या इंटरनेटवरून तिसऱ्याच माणसाला पुरवठा होऊ शकतो.

पडदाभर येणारे आग्रह आणि पळालेल्या फाइली

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, नोटिफिकेशन्स, आणि अगदी तळाशी दोन-तीन चौकटी असतात: सेटअप पूर्ण करायला सुचवा, टिप्स द्या, अपडेटनंतर स्वागताचं पान दाखवा. सगळ्या खुणा काढा. विंडोज 11ची ऑफर आली तर 'सध्या विंडोज 10वरच राहा' अशी बारीक ओळ शोधा. मोठं ठळक बटण असतं ते डाउनलोडचं.

लोकांचा विश्वास का उडालाय तेही मला कळतं. 2015-16 मध्ये विंडोज 7 आणि 8.1 वाल्यांना वर्षभर विंडोज 10 फुकट देत होते. मे 2016 मध्ये त्या खिडकीचा कोपऱ्यातला क्रॉस दाबला तरी ठरलेल्या वेळचं अपग्रेड रद्द होत नव्हतं. क्रॉस म्हणजे 'नको' हे तोवर लहान मुलालाही माहीत होतं. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्केटिंग प्रमुखांनीच जाहीरपणे मान्य केलं की तिथे आपण हद्द ओलांडली. तेव्हापासून माझे काही गिऱ्हाईक कुठल्याही खिडकीला हात लावायच्या आधी मला फोटो पाठवतात. पाठवू देत.

वनड्राइव्हचं प्रकरण मात्र सावकाश हाताळा. बॅकअपला नकळत 'हो' म्हटलं गेलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हच्या फोल्डरात सरकतात. फुकटची जागा 5 जीबी. ती भरली की लाल खुणा आणि 'जागा विकत घ्या' सुरू. इथे लोक चिडून वनड्राइव्हच्या वेबसाइटवर जाऊन फाइली उडवतात, आणि त्या मशीनवरूनही जातात, कारण ती एकच फाइल दोन ठिकाणी दिसत असते. क्रम असा ठेवा: सगळ्या फाइलींची आधी पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी. फाइलीवर ढगाची खूण असेल तर ती फक्त इंटरनेटवर आहे. आधी उतरवून घ्या. मग घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक, सेटिंग्ज, बॅकअप मॅनेज करा, एकेक फोल्डर बंद. फाइली जुन्या जागी नसतील तर वनड्राइव्हच्या फोल्डरातून उचलून परत ठेवा. पुसापुशी सगळ्यात शेवटी, उघडून बघितल्यावर.

खाजगीपणा: काय बंद होतं, काय होत नाही

सेटिंग्जमधलं प्रायव्हसीचं पान वरून खाली चाळा. अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी बंद. वापरावरून सूचना आणि जाहिराती देणं बंद. अ‍ॅक्टिव्हिटी हिस्टरी बंद. लोकेशन, कॅमेरा, माइक: कोणत्या अ‍ॅपला खरंच लागतात तेवढ्यालाच. पत्रिका छापणाऱ्या मशीनला लोकेशन कशाला हवंय? दुकान कुठे पळून जाणार आहे का?

डायग्नॉस्टिक डेटाचे दोन थर असतात. 'ऑप्शनल' बंद करा. त्यात कोणती अ‍ॅप वापरता, कोणत्या वेबसाइट बघता, असलं सविस्तर जातं. 'रिक्वायर्ड' मात्र होम आणि प्रो आवृत्त्यांत सेटिंग्जमधून बंद होत नाही. ती मुभा एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांना आहे. कुणी "शंभर टक्के बंद करून देतो" म्हणाला तर तो सर्व्हिसेस मोडणार आहे असं समजा. काय जातंय ते स्वतः बघायचं असेल तर त्याच पानावर 'डायग्नॉस्टिक डेटा व्ह्यूअर' आहे. एकदा उघडून बघा, भीती निम्मी होते. फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने 2016 मध्ये आणि नेदरलँड्सच्या संस्थेने 2017 मध्ये विंडोज 10च्या या माहिती गोळा करण्यावर ठपका ठेवला होता, त्यामुळे तुमची शंका वेडगळ नाही. मोठ्या अपग्रेडनंतर हे पान पुन्हा तपासा, काही नवीन कळा आलेल्या असतात.

पडद्याचे फोटो काढून ठेवणारं 'रिकॉल' फक्त कोपायलट प्लस म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपवर येतं, आणि तेही तुम्ही चालू केलं तरच. दवाखान्याच्या मशीनवर ते चालू करू नका. पेशंटचा कागद एकदा पडद्यावर आला की त्याचाही फोटो निघू शकतो.

आवृत्ती खिळवून ठेवणं

प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजचे नियम ठरवायच्या पानावर, 'टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन' अशी नोंद आहे. तिथे उत्पादन आणि आवृत्ती लिहिली की सुरक्षा अपडेट येत राहतात, अपग्रेड थांबतं. नको त्या अपग्रेडवरचा हाच सभ्य उपाय. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचं पानच नसतं. तेच काम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, करावं लागतं. रजिस्ट्रीत आधी कधी हात घातला नसेल तर घालू नका, एखादी चुकीची ओळ पुसली तर मशीन उठणार नाही. आणि खिळा कायमचा नाही: त्या आवृत्तीची मुदत संपली की थोड्या दिवसांनी विंडोज पुढे सरकवतंच.

विंडोज 10 वाल्यांसाठी: 14 ऑक्टोबर 2025 ला नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती मशीनला 'एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स'ची नोंदणी केली तर 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत डागडुजी मिळते. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडल्या तर फुकट, नाहीतर 1000 रिवॉर्ड पॉइंट किंवा 30 डॉलर. नोंदणीला अकाउंट लागतंच. खाजगीपणासाठी अकाउंट टाळत आलेल्यांना हे टोचेल, मलाही टोचलं. तरी बँकेचं काम होणाऱ्या मशीनवर मी नोंदणी करून देते. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप), 4 जीबी रॅम, 64 जीबी जागा आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याच्या आधीचं मशीन असेल तर नियमाने ते 11 वर जात नाही.

कुणीतरी आधी केलेले उद्योग

दोन महिन्यांनी परत सुरू होण्याचं कोडं इथे सुटतं. अपडेटची सर्व्हिस बंद केली तरी विंडोजमध्ये 'अपडेट मेडिक' नावाची दुसरी सर्व्हिस असते. बिघडलेली अपडेट यंत्रणा दुरुस्त करणं हेच तिचं काम, आणि तुम्ही बंद केलेली सर्व्हिस तिला बिघाड वाटते. ती उठवते. मग कुणी मेडिकलाही मारतं, कुणी अपडेट अडवणारा फुकटचा प्रोग्राम टाकतं, कुणी लायसन्सशिवाय विंडोज चालवायचा 'अ‍ॅक्टिव्हेटर' टाकतं आणि तो अँटिव्हायरस बंद करायला सांगतो. असे तीन थर चढलेलं मशीन मी सरळ करत बसत नाही. डेटा काढून घ्यायचा आणि विंडोज नव्याने, लायसन्ससकट टाकायची. दिवस जातो, पण पुन्हा फोन येत नाही.

अपडेट पूर्ण बंद ठेवण्याचा हट्ट मी का मोडून काढते तेही सांगते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय आला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. त्याने वापरलेल्या भोकाला मायक्रोसॉफ्टने 14 मार्चलाच ठिगळ दिलं होतं. दोन महिने हातात होते. पुढच्याच महिन्यात, 27 जूनला, नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला. त्याने तेच भोक वापरलं आणि न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. गंमत अशी की नॉटपेट्या घुसला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्यामुळे "अपडेटच धोक्याचं" म्हणणारेही पूर्ण चूक नव्हते. पण घुसल्यावर तो भराभर पसरायला ठिगळ न लावलेली मशीनं त्याच्या कामी आली.

अपडेट मागे घेणं

हे शेवटी, कारण यात हात पोळतात. मासिक अपडेट अपडेट हिस्टरीतून 'अनइन्स्टॉल' करता येतं. आवृत्तीचं अपग्रेड झालं असेल तर रिकव्हरीत 'गो बॅक' मिळतं, फक्त दहा दिवस. जुनी विंडोज 'विंडोज ओल्ड' या फोल्डरात असते. जागा कमी म्हणून कुणी तो साफ केला की परतीचा रस्ता गेला. एकाच यंत्राचा ड्रायव्हर बिघडला असेल तर एवढं सगळं नको, डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' बघा.

मागे फिरण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची, की हातात हवी. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद असते आणि तुम्हाला ते माहीतही नसतं. अपडेट किंवा बायोसमध्ये काही बदललं की निळ्या पडद्यावर 48 आकडी की मागितली जाते. जुलै 2024च्या अपडेटनंतर काही मशीनवर हे झालं होतं. की सहसा ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिला सेटअप झाला त्यात असते. परळच्या एका वहिनींचा लॅपटॉप असाच अडला. त्यांच्या अकाउंटमध्ये की नाही. दोन तास शोधल्यावर कळलं की विकणाऱ्याने दुकानातच, घाईत, स्वतःच्या ईमेलने सेटअप करून दिला होता. वहिनींच्या सगळ्या फोटोंची चावी एका अनोळखी माणसाच्या अकाउंटमध्ये. माणूस सरळ निघाला, त्याने फोनवर आकडे वाचून दाखवले, वहिनींनी ते दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून घेतले. नवीन लॅपटॉप घेतलात तर सेटअप स्वतः करा, आणि की कागदावर लिहून लॅपटॉपपासून लांब ठेवा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बिटलॉकर की मागतंय आणि ती कुठल्याच अकाउंटमध्ये नाही: आकडे अंदाजाने टाकत बसू नका, आणि 'रिसेट' तर दाबूच नका. हार्डडिस्क टकटक करतेय: लगेच बंद करा, ते अपडेटचं दुखणं नाही, डेटा रिकव्हरीवाल्याचं काम आहे. 'ऑटोमॅटिक रिपेअर' दोनदा फिरलं. फाइलींची दुसरी प्रत कुठेच नाही. ऑफिसचं मशीन कंपनीच्या डोमेनला जोडलंय: त्यातल्या पॉलिसी तुमच्या आयटीवाल्याच्या आहेत, त्यालाच विचारा.

बोलावलेल्या माणसाला आधी विचारा, "डेटा आधी काढणार का?" तो "फॉरमॅट मारावं लागेल" हे पहिल्या वाक्यात म्हणाला तर दुसरा शोधा. आणि पडद्यावर फोन नंबर झळकला, किंवा "विंडोजमधून बोलतोय, तुमच्यात व्हायरस आहे" असा फोन आला, तर ठेवून द्या. विंडोजमधून कुणी फोन करत नाही. रिमोटचं अ‍ॅप टाकून झालं असेल तर इंटरनेटची वायर काढा, बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, त्याच मिनिटाला.

ठाकूरद्वारच्या काकांच्या डब्यावर आता नवा कागद आहे. त्यावर दुसऱ्या मंगळवारानंतरच्या पुढच्या सहा बुधवारांच्या तारखा आहेत आणि खाली त्यांच्या अक्षरात: 'शनिवारी रिस्टार्ट. विसरू नये.'